गोड स्पगेटी

गुरुवारची दुपार आणि अख्खा रविवार,
एवढी माझी सुट्टी.
गुरुवारी पैसे पाठवते.
रविवारी प्रार्थना, मग रांग.

मिलानच्या थंडीत, चर्चपासून दोन गल्ल्यांवर
काचेच्या दारात ती उभी असते:
पोट सुटलेली लाल मधमाशी, डोक्यावर आचाऱ्याची टोपी.
पुतळ्याला काय कळतंय,
तरी मी हात करते.
रांगेतल्या सगळ्याच करतात,
पर्स सावरल्यासारखं दाखवून.

इथं मला मिंडा कोणी म्हणत नाही.
कागदोपत्री लुझविमिंडा;
आमच्या बेटांच्या तीन नावांचे तुकडे कापून
बापानं एक नाव शिवलं होतं.
सिन्योर एत्तोरेंच्या लक्षात त्यातलं एकच राहिलं, तेही त्यांच्या भाषेत:
लूचे. उजेड.
उजेडा, चश्मा कुठंय. उजेडा, लघवी.
मी ओ देते.

खरं सांगू का,
गावाकडं असताना या मधमाशीच्या दारात मी तीनदाच गेले.
एकदा पगार झाला म्हणून, एकदा पाऊस होता म्हणून,
आणि जेरिकोला सातवं लागलं तेव्हा.
पाचशे उसने घेतले, सहाशे फेडले.
तंगडी त्यानं खाल्ली,
मी हाडाला चिकटलेलं.
आणि आता इथं बसून म्हणते,
अगदी घरच्यासारखं लागतं हो!

कागदात गुंडाळलेली भाताची मूद,
उघडली की वाफ चश्म्यावर.
ग्रेव्हीच्या दुसऱ्या वाटीचे इथं पैसे पडतात.
आणि ती स्पगेटी:
साखर घातलेला लालभडक रस्सा, सॉसेजच्या चकत्या,
वरून किसलेलं चीज.
हे कुठल्याही इटालियन माणसाला दाखवू नये.

मागच्या रविवारी दाखवावं लागलं.
बेर्गामोहून मुलगी यायची होती, तिला ताप भरला.
सुट्टी गेली.
मी म्हटलं, गेली तर गेली,
आणि म्हाताऱ्याला कोट चढवला, मफलर गुंडाळला,
चाकाची खुर्ची ढकलत थेट रांगेत.

हा तोच माणूस बरं,
मी एकदा भांड्यात मावेना म्हणून स्पगेटी मोडली
तर संध्याकाळपर्यंत अबोला धरणारा.

बशी समोर ठेवली.
शेजारच्या टेबलावरच्या तेरेसितानं घास हातातच धरला.
त्यांनी काट्यावर हळूच गुंडाळलं,
चमच्याचा आधार न घेता,
हात थरथरत होता तरी नेमकं.
तोंडात घातलं.
डोळे मिटले. मला वाटलं, आता थुंकणार.
"गोड आहे," म्हणाले,
न्यायाधीशानं निकाल द्यावा तसे.
मग दुसरा घास. मग तिसरा.
मग बशी पुसून घेतली भाताच्या कागदानं.

"वाढदिवस कोणाचा आहे?"

काय सांगायचं.
पोरगं एकोणीस वर्षांचं झालंय,
फोनवर आवाज ओळखू येत नाही माझा मलाच, त्याच्याशी बोलताना.
"जेरिकोचा," मी म्हटलं.
"कितवा?"
"सातवा."

त्यांनी टेबलभर नजर फिरवली, खुर्च्यांखालीसुद्धा.
मग स्वतःच्या पुढ्यातली तंगडी उचलली,
तीन टिशूंत नीट गुंडाळली, कोपरे आत दुमडले,
आणि माझ्या पर्सवर ठेवली.
"हात धुवून येऊ दे त्याला. मग दे."

ट्राममध्ये ते झोपले, तोंड उघडं टाकून.
तेवढ्यात खाल्ली मी ती.
आधी कुरकुरीत साल,
मग मांस, सावकाश,
सहा स्टॉप.

सोमवारी त्यांच्या मुलीनं कोटावरचा डाग पाहिला.
ग्रेव्ही आहे, मी म्हटलं.
ती काय असते, तिनं विचारलं.